गोळी वाढवण्याआधी एकदा उभं करून मोजा : ज्येष्ठांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीत असताना असंख्य दंडांना पट्टा बांधला, आता स्वतःच्या दंडाला बांधून घेते. दोन्हीचा अनुभव असल्यामुळे हे लिहायचं धाडस करते आहे. तुम्हाला औषधशास्त्र शिकवायची माझी पात्रता नाही आणि हेतूही नाही.

मागणी एकच आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला प्रेशरची गोळी सुरू करताना, वाढवताना किंवा बंद करताना त्याचं प्रेशर उभं करूनही मोजा. बसवून तर मोजताच. त्यानंतर उभं राहिल्यावर मिनिटभरात एकदा आणि तीन मिनिटांनी पुन्हा एकदा. जमत असेल तर सुरुवात आडवं करून करा, म्हणजे पडणारा आकडा नीट पकडला जातो.

एवढ्यासाठी खुलं पत्र कशाला, असं वाटेल. तीन मिनिटांत वरचं प्रेशर २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ते उभं राहिल्यावर पडणारं प्रेशर, हे तुमच्यापैकी प्रत्येकाने परीक्षेत लिहिलेलं आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत तर ८० च्या पुढच्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णाचं प्रेशर उभं करून मोजा, असं सरळ लिहिलेलं आहे. तरीही म्हाताऱ्या माणसाच्या फायलीत वर्षानुवर्षांचे आकडे असतात आणि ते सगळे खुर्चीतले असतात. तो माणूस पडतो मात्र रात्री बाथरूमला जाताना. खुर्चीत बसल्या बसल्या कोणी पडत नाही.

उभं राहिलं की अर्धा ते एक लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. तरुण शरीराला ते कळतसुद्धा नाही, कारण मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या चेता लगेच खबर देतात, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. वयाबरोबर या चेता मंदावतात. ज्या भिंतीत त्या बसलेल्या असतात ती भिंतच कडक झालेली असते. कडक झालेल्या जुन्या रबरी नळीसारखी धमनी ठोक्याबरोबर फुगत नाही, म्हणून वरचा आकडा चढतो. आणि दोन ठोक्यांच्या मधे ती रक्त पुढे ढकलत नाही, म्हणून खालचा उतरतो. साठीनंतर १६८/७२ असे आकडे दिसतात ते यामुळेच. म्हणजे ज्या कडकपणामुळे बसलेलं प्रेशर जास्त येतं, त्याच कडकपणामुळे उभं राहिल्यावर ते सावरता येत नाही. एकाच माणसाला उच्च रक्तदाब आणि उभं राहिल्यावरचा कमी रक्तदाब असणं यात विरोधाभास काही नाही. मधुमेह किंवा पार्किन्सन असेल तर हे आणखी जास्त आढळतं.

बरं, रुग्ण स्वतःहून सांगेल अशी वाट पाहू नका. पुष्कळांना काहीच जाणवत नाही. ज्यांना जाणवतं ते ‘चक्कर येते’ असं म्हणतीलच असं नाही. ‘पाय गळाल्यासारखे होतात’, ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’, ‘सकाळी डोकं जड असतं’, ‘उभं राहून काम केलं की मान आणि खांदे भरून येतात’ असं काहीबाही सांगतील, आणि ते मणक्याच्या खात्यात जमा होईल. आणि समजा त्यांनी ‘चक्कर’ म्हटलंच, तर बहुतेक वेळा चक्करची गोळी मिळते. प्रोक्लोरपेराझिन असंच महिनोन्‌महिने चालू राहिलेलं मी पाहिलं आहे. या औषधाने उभं राहिल्यावरचं प्रेशर आणखी उतरतं आणि म्हाताऱ्या माणसाचे हातपाय पार्किन्सनसारखे जखडू शकतात, हे तुम्ही जाणताच.

आता गैरसमज व्हायच्या आत दुसरी बाजू मांडते. ‘वय झालं, आता एवढं प्रेशर असायचंच’ या मताची मी मुळीच नाही. एके काळी असं मानलं जायचं की म्हातारपणी मेंदूला रक्त पोचवायला जास्त दाब लागतोच, तो उतरवू नये. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ चाचणीने तो समज मोडला. साठीच्या पुढची ४,७३६ माणसं, फक्त वरचा आकडा वाढलेला, आणि औषध काय तर क्लोरथॅलिडोनसारखी साधी लघवीची गोळी. पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. तरी ऐंशीच्या पुढे काय, ही शंका राहिलीच. तिचं उत्तर २००८ मध्ये ‘हायव्हेट’ने दिलं. ८० आणि त्यापुढची ३,८४५ माणसं, इंडापामाइड ही लघवीची गोळी, गरज पडली तर जोडीला पेरिंडोप्रिल ही प्रेशरची दुसरी गोळी, आणि लक्ष्य १५०/८०. मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी घटलं, हृदय निकामी होण्याचं प्रमाण ६४ टक्क्यांनी. फायदा इतका ठळक दिसला की चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली.

मग २०१५ मध्ये ‘स्प्रिंट’ आली आणि वरचा आकडा १२० च्या खाली आणायची भाषा सुरू झाली. त्यात ७५ च्या पुढचे २,६३६ जण होते आणि त्यांनाही फायदाच झाला. २०२१ मध्ये चीनमधल्या ‘स्टेप’ चाचणीतही ६० ते ८० वयाच्या ८,५११ जणांत तेच चित्र दिसलं : ११० ते १३० च्या दरम्यान ठेवलेल्या गटात हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले.

हे सगळं मला मान्य आहे. माझं म्हणणं त्याच्या पुढे सुरू होतं. हायव्हेटमध्ये प्रवेश मिळायला उभं राहिल्यावरचं वरचं प्रेशर किमान १४० असावं लागत होतं. स्प्रिंटमध्ये मिनिटभर उभं राहिल्यावर ज्यांचं ११० च्या खाली जात होतं, त्यांना दारातूनच परत पाठवलं होतं. मधुमेही, पूर्वी पक्षाघात झालेले आणि वृद्धाश्रमात राहणारेही त्यात नव्हते. ज्या दोन चाचण्यांच्या जोरावर आज म्हाताऱ्यांचं प्रेशर धीटपणे उतरवलं जातं, त्या दोन्हींनी पहिली गोळी देण्याआधी माणसाला उभं करून मोजलं होतं. आपण त्यांचं लक्ष्य तेवढं उचललं आणि मोजणी तिथेच सोडून आलो.

उभं राहिल्यावर प्रेशर पडतं असं दिसलं की घाबरून सगळ्या गोळ्या बंद करणं हाही उपाय नाही. चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात असं आढळलं आहे की प्रेशर चांगलं आटोक्यात ठेवल्याने उभं राहिल्यावरची घसरण वाढत नाही, उलट थोडी कमीच होते. त्यामुळे प्रश्न ‘किती’ गोळ्या हा जेवढा आहे, त्याहून जास्त ‘कोणत्या’ गोळ्या हा आहे. प्रोस्टेटसाठी कोणी अल्फा ब्लॉकर दिला आहे का? छातीसाठी नायट्रेट चालू आहे का? झोपेची किंवा नैराश्याची गोळी आहे का? क्लोनिडिन ही प्रेशरचीच जुनी गोळी कुठून तरी शिरली आहे का? एकाच घरातले कागद तीन डॉक्टरांचे असतात आणि ते एकमेकांनी वाचलेले नसतात. तुम्ही वाचा. रुग्णाला ‘सगळ्या गोळ्यांची पिशवीच घेऊन या’ असं सांगा, कारण कागदावर नसलेल्या गोळ्या त्या पिशवीत सापडतात. आणि काही कमी करायचंच असेल तर बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणाऱ्या प्रेशरच्या गोळ्या) व क्लोनिडिन एकदम तोडू नका, हेही रुग्णाला बजावून सांगा. पुष्कळजण आकडा चांगला आला की आपल्या मनानेच सुट्टी घेतात.

गुडघेदुखीच्या गोळ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण या वयात त्या नसलेलं घर विरळा. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीची वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि प्रेशर चढवतात. प्रेशर चढलं म्हणून तुम्ही गोळी वाढवता, आणि रुग्ण दुखण्याची गोळी औषध समजतच नसल्यामुळे तुम्हाला सांगत नाही. त्यात आधीपासून रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन यासारखी प्रेशरची गोळी आणि जोडीला लघवीची गोळी असेल तर या तिघांचा मारा मूत्रपिंडावर होतो, विशेषतः जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना. सर्दीच्या गोळ्यांतली नाक मोकळं करणारी औषधं, स्टेरॉइड, पाण्यात विरघळून फसफसणाऱ्या सोडियमयुक्त गोळ्या, हेही प्रेशर चढवतात. तेव्हा आकडा का चढला, हे विचारायच्या आधी नवी गोळी लिहू नका.

दुसरी साखळी तुमच्याही ओळखीची असेल. अम्लोडिपिन या प्रेशरच्या गोळीने घोट्याला सूज येते. सूज दिसली म्हणून लघवीची गोळी सुरू होते. ही सूज पाणी साचून आलेली नसल्यामुळे ती फारशी उतरत नाही. सोडियम मात्र उतरतं. सोडियम उतरलेला म्हातारा माणूस सुस्तावतो, बडबडतो, तोल जाऊन पडतो. घरचे म्हणतात, ‘बाबांना विसरायला व्हायला लागलं’. मग मेंदूच्या डॉक्टरांकडे फेऱ्या. या साखळीच्या मुळाशी असलेली गोळी कमी करणं किंवा बदलणं हा उपाय होता. लघवीची गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन बघायला सांगता, पण ते बघितलं गेलं का, याचा पाठपुरावा करायला कोणीतरी हवं.

आता मूळ मोजणीकडे. इथे माझ्याच व्यवसायातल्या लोकांनाही दोन शब्द सुनवायचे आहेत, तुमच्या पत्रातून गेले तरी चालतील. रुग्ण जिना चढून येतो, धापा टाकत खुर्चीत टेकतो, बाहीवरूनच पट्टा, हात मांडीवर, पाय लोंबकळते, आणि ‘कसं वाटतंय?’ असं विचारत पंप सुरू. या आकड्यावर आयुष्यभराची गोळी ठरते! हात कुठे ठेवला याने काय फरक पडतो, तर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत टेबलावर टेकवलेल्या हातापेक्षा मांडीवर ठेवलेल्या हातात वरचं प्रेशर सुमारे ४ ने आणि खाली सोडलेल्या हातात साडेसहाने जास्त आलं. पट्ट्याचं तर विचारूच नका. ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा बांधला तर वरचा आकडा १९ ते २० ने फुगतो, हे २०२३ मधल्या चाचणीत दिसलं. ही वीस अंकांची ‘वाढ’ उतरवायला दोन औषधं लागतील, आणि उतरेल ते माणसाचं खरं, मुळात ठीक असलेलं प्रेशर.

स्प्रिंटमध्ये पाच मिनिटं शांत बसवून, यंत्राने तीनदा मोजून सरासरी घेतली होती. धावपळीत एकदाच घेतलेला आकडा आणि तो आकडा यांची तुलनाच होऊ शकत नाही. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवी करून आलेला, दंड उघडा आणि हृदयाच्या पातळीवर, आणि बोलायचं नाही, तुम्हीही नाही. पहिल्या भेटीत दोन्ही हातांचं घ्या आणि जास्त येईल तो हात पुढे कायम वापरा. कानाने मोजणाऱ्यांना एक जुनी आठवण : पट्टा फुगवताना मनगटाची नाडी बंद होईपर्यंत बघा आणि त्यावर ३० ने न्या. म्हाताऱ्या माणसांत कोरोत्कॉफचे आवाज, म्हणजे पट्टा सैल होताना नळीतून ऐकू येणारे ठोके, मधेच गायब होऊन पुन्हा येतात, आणि कमी फुगवलं तर १९० चं प्रेशर १५० म्हणून लिहिलं जातं. नाडी अनियमित लागली तर यंत्राच्या एका आकड्यावर जाऊ नका, पुन्हा पुन्हा घ्या आणि ईसीजी काढा. प्रेशर मोजता मोजता एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची अनियमित धडधड) सापडलं तर एक पक्षाघात टळू शकतो.

घरी मोजलेले आकडे घेऊन आलेल्या रुग्णाची वही बाजूला सारू नका. पांढऱ्या कोटाने चढणारं प्रेशर या वयात फार जणांना असतं. घरच्या मोजणीत १३५/८५ ही सीमा धरतात. मनगटाचं यंत्र असेल तर दंडाचं घ्यायला सांगा, एकदा ते दवाखान्यातल्या यंत्राशी ताडून बघा, आणि दिवसातून दहादा मोजणाऱ्याला प्रेमाने आवरा. वहीत उभं राहिल्यावरच्या आकड्यासाठी एक रकाना आखून द्या. उभं असताना पट्टा बांधलेला हात हृदयाच्या उंचीवर कशावर तरी टेकवायचा आणि जवळ आधाराला कोणीतरी हवं, हे सांगायला विसरू नका. जेवणानंतर तासा-दोन तासांत काहींचं प्रेशर चांगलंच उतरतं, तेही या वहीतच सापडेल.

आणखी एक गोष्ट रात्रीची. यंत्रावर १८५ दिसतं, माणसाला छातीत दुखत नाही, धाप नाही, हातापायात अशक्तपणा नाही, बोलणं-दिसणं ठीक आहे, तरी घरचे घाबरून धावतात. तिथे कोणी झटपट आकडा पाडायला गेलं तर मेंदूचा आणि हृदयाचा पुरवठाच तुटायचा धोका असतो. जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत याच कारणासाठी १९९६ मध्ये थांबवा म्हणून सांगितलं गेलं होतं. लक्षणं असतील तर एक मिनिट न दवडता रुग्णालय; नसतील तर शांत बसवून पुन्हा मोजायचं आणि एक-दोन दिवसांत दाखवायचं. हे घरच्यांना आधीच, दिवसाउजेडी, तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

मिठाचं थोडक्यात. वय वाढेल तसं शरीर मिठाला जास्त प्रतिसाद देतं, त्यामुळे या वयात मीठ कमी करण्याचा फायदा तरुणांपेक्षा जास्त होतो. पोटॅशियम मिसळलेल्या मिठाने २०२१ च्या चीनमधल्या मोठ्या चाचणीत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंड अशक्त असलेल्याने किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी घेणाऱ्याने ते तुम्हाला विचारल्याशिवाय आणू नये. गोळी सकाळी की रात्री, यावरून घरोघरी वाद होतात. २०२२ च्या ‘टाइम’ चाचणीत २१ हजारांवर माणसांत काहीही फरक दिसला नाही. जी वेळ लक्षात राहते ती घ्या, असं सांगून विषय मिटवा.

लक्ष्य किती ठेवावं यावर तुमच्यातच एकमत नाही, हे मी जाणून आहे. नाइस ८० च्या पुढे १५०/९० च्या खाली म्हणते. युरोपच्या हृदयरोग संस्थेने २०२४ मध्ये १२० ते १२९ सांगितलं, पण सोसत असेल तरच, आणि ८५ च्या पुढे, फार अशक्त झालेल्यांत किंवा उभं राहिल्यावर त्रास होणाऱ्यांत सैल ठेवा असंही त्याच कागदात लिहिलं. सकाळी स्वतः फिरून येणारी ८२ वर्षांची बाई आणि दोन माणसांच्या आधाराने खाटेवरून उठणारी ८२ वर्षांची बाई यांना एकच आकडा लावता येणार नाही. तुम्ही ज्या रुग्णासाठी जे ठरवाल ते ठरवा, फक्त त्याच्या कागदावर लिहा : बसून किती हवं, उभं राहून किती खाली जाऊ द्यायचं नाही. आज घरच्यांना यातलं काहीच माहीत नसतं. ते १२८ दिसलं की खूश आणि १४२ दिसलं की रडकुंडीला.

गोळी कमी करायलाही तेवढंच धैर्य लागतं, हे मला कळतं. पुढच्या महिन्यात पक्षाघात झाला तर दोष तुमच्यावर येणार. पण २०२० च्या इंग्लंडमधल्या ‘ऑप्टिमाइझ’ चाचणीत ८० च्या पुढच्या ५६९ जणांपैकी निम्म्यांची एक गोळी ठरवून काढली, तेव्हा बारा आठवड्यांनी त्यांच्यातल्या ८६ टक्के लोकांचं वरचं प्रेशर १५० च्या खालीच होतं. गोळ्या चालू असलेल्या गटात ते प्रमाण ८८ होतं. बारा आठवडे म्हणजे काही आयुष्य नाही. वर्षानुवर्षं काय होईल हे ही चाचणी सांगत नाही, आणि म्हणून काढल्यावर लक्ष ठेवावंच लागतं. तरीही एक गोळी काढली की आभाळ कोसळतं, असं नाही.

‘वेळ कुठून आणू’ हा तुमचा प्रश्न खोटा नाही. बाहेर रांग असते. पण हे मोजायला तुम्ही लागतच नाही. बाहेरची सिस्टर किंवा मदतनीस रुग्णाला पाच मिनिटं बसवून मोजेल, उभं करून दोनदा मोजेल, आणि तीन आकडे लिहिलेला कागद तुमच्यासमोर येईल. रुग्ण तसाही तेवढा वेळ बाहेर बसलेलाच असतो. ज्याला उभं राहता येत नाही त्याचं आडवं असताना आणि उठवून बसवल्यावर घ्यावं. उभं केल्यावर डोळे फिरले तर लगेच बसवायचं आणि तसं लिहायचं. तेही उत्तरच आहे.

सुरुवात सगळ्यांपासून करता येत नसेल तर चारच प्रकारच्या रुग्णांपासून करा : गेल्या वर्षभरात पडलेले, मधुमेही, प्रोस्टेटची गोळी घेणारे, आणि ज्यांच्या कागदावर आज तुम्ही प्रेशरची तिसरी गोळी लिहायला निघाला आहात ते.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका